ताजबीची मशीन रूम

माणगावे कास्टिंगच्या ऑफिसात मशीन रूमच्या दाराबाहेर चपला काढून मगच आत जायचं, असा नियम होता. तो कुणी केला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. कॉम्प्युटर बसवायला आलेला माणूस 'धूळ चालत नाही' एवढंच बोलला होता. आता फाउंड्री म्हटल्यावर वाळू आणि काजळी आलीच. ती चपलांतून नाही तर केसांतून, सदऱ्याच्या घड्यांतून आत येणार. तरी मालक अण्णांपासून गेटवरच्या वॉचमनपर्यंत सगळे दारात चपला काढायचे आणि देवळात शिरावं तसे जरा वाकूनच आत यायचे.

ही गोष्ट त्र्याण्णव-चौऱ्याण्णवची. शिरोलीच्या एमआयडीसीत कॉम्प्युटर असलेली ऑफिसं तेव्हा मोजकीच. अण्णांनी हौसेनं तो घेतला, त्याच्या जोडीला लांबलचक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर घेतला, आणि त्या दोघांसाठी जुनं स्टोअर रिकामं करून त्याला एसी बसवला. अख्ख्या कारखान्यात एसी तेवढा एकच. पहिल्या दिवशी नारळ फोडला, पेढे वाटले, प्रिंटरला हळदकुंकू लावलं आणि तो चालवायला ताजबीला बसवलं.

ताजबी मुल्ला तिथली टायपिस्ट. रोज उचगावहून वडापच्या, माणसं कोंबून नेणाऱ्या, जीपमधनं यायची. तिचे वडील अल्लाउद्दीन पत्र्याच्या ट्रंका करायचे. आसपासच्या चार गावांतल्या नवऱ्या मुली त्यांच्या हातची फुलं काढलेली ट्रंक घेऊन सासरी जायच्या. पण घरातली थोरली लेक तिशीला आली तरी तिच्यासाठी ट्रंक करायची वेळ काही आली नव्हती. आधी आईचं आजारपण, मग दोन धाकट्या बहिणींची लग्नं, असं करत ताजबीचं राहूनच गेलं. तिनं त्याचा कधी बाऊ केला नाही. सकाळी डबा घेऊन निघायची, संध्याकाळी परतायची, आणि मधल्या वेळात कारखान्यातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कास्टिंगचं बिल आणि चलन तिच्या बोटांखालून जायचं.

टायपरायटरवर एक चलन म्हणजे कार्बन लावा, तीन कागद सरळ बसवा, एक अक्षर चुकलं की तिन्हीवर खोडा. तोवर ट्रक गेटवर उभा. आणि ट्रक उभा राहिला की डिस्पॅचचे भाऊसो चौगुले ऑफिसभर नाचायला लागायचे. भाऊसो शिरोली गावातलेच. उंच, काळेसावळे, आवाज असा की पलीकडच्या शेडमधल्या माणसाला हाक मारायला फोन लागायचा नाही.

"आगं ताजबी, ड्रायव्हर म्हणतोय जेवून येऊ का झोपून येऊ! काय सांगू त्याला?"

"चहा पिऊन या म्हणावं," ताजबी मान वर न करता म्हणायची.

प्रिंटर आला आणि हे चित्र पालटलं. दोन्ही कडांना भोकं असलेला तो लांब घडीचा कागद एका बाजूनं आत जायचा आणि दुसऱ्या बाजूनं पांढरं, गुलाबी, पिवळं असं तीन पदरी चलन बाहेर यायचं. भाऊसोंनी पहिलं चलन हातात घेऊन उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "मायला, चहा बी निवला न्हाय!"

पण आवाज! किर्रर्र खर्र, किर्रर्र खर्र. जणू कुणीतरी पत्र्यावर करवत चालवतंय. त्या खोलीत बोलायचं म्हणजे ओरडायलाच लागायचं. गंमत अशी की तरीही सगळे तिथंच यायचे. एक तर एसी. दुसरं म्हणजे आपला कागद निघेपर्यंत थांबायलाच लागायचं. अकाउंट्सचे लोक, स्टोअरचे लोक, कधी शॉपफ्लोअरवरचा एखादा मिस्त्री, असे चारपाच जण अनवाणी पायांनी भिंतीला टेकून उभे राहायचे आणि एकमेकांच्या कानात ओरडून बोलायचे. कुणाच्या म्हशीला रेडकू झालं, कुणाची पोरगी दहावीला बसली, कुणाच्या घरी भांडण झालं, ते सगळं त्या खोलीत कळायचं. कागदाच्या कडेच्या भोकांच्या पट्ट्या फाडून ताजबी बाजूला ठेवायची. ज्यांच्या घरी लहान पोरं होती ते त्या खिशात कोंबून न्यायचे. एका बाजूनं कोरे असलेले जुने छापील गठ्ठे उचगाव-शिरोलीच्या कितीतरी पोरांनी गणितं सोडवायला वापरले.

कामं भराभर व्हायला लागली तसे अण्णांना नवेनवे रिपोर्ट सुचायला लागले. रोजचं उत्पादन, आठवड्याचं उत्पादन, कुठल्या पार्टीला किती माल गेला. पूर्वी महिन्याला एक तक्ता पुरायचा, आता रोज सकाळी टेबलावर जाडजूड गठ्ठा लागायचा. "मशीन आल्यापासनं काम कमी झालंय का वाढलंय, तेवढं एकदा छापून दे," असं भाऊसो ताजबीला म्हणायचे.

असं राबवल्यावर मशीन थकणारच. कधी रिबन फाटायची, कधी हेडची पिन मोडायची, कधी कागद तिरका ओढला जायचा. प्रिंटर बंद म्हणजे डिस्पॅच बंद. मग शहरात, शाहूपुरीतल्या दुरुस्तीच्या दुकानात फोन जायचा आणि तासाभरानं लुनावरून अल्ताफ यायचा.

अल्ताफ बागवान. कपाळावर घाम, खिशात स्क्रू ड्रायव्हर, पाठीला कापडी पिशवी. तो मशीनला हात लावायच्या आधी नुसतं ऐकायचा. "चालू करा मॅडम," म्हणायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा. मग म्हणायचा, "डावीकडची पिन अडकत्या," आणि तसंच निघायचं. त्याचं काम होईतो ताजबी शेजारच्या स्टुलावर बसून त्याला लागेल ते हातात द्यायची. आधी मशीनबद्दल बोलणं व्हायचं, मग पावसाबद्दल, मग त्याच्या अम्मीच्या गुडघ्यांबद्दल. तो बोलायचा कमी. पण तिच्यासाठी येताना कधी पेरू आणायचा, कधी कागदात गुंडाळलेले शेंगदाणे. ती त्याला 'अल्ताफभाई' म्हणायची. त्यावर तो दर वेळी काहीतरी बोलणार असं वाटायचं, आणि मग तो पुन्हा मशीनमध्ये तोंड घालायचा.

वर्ष-दीड वर्ष असं गेलं. मग एका सकाळी अण्णांनी सांगितलं, की हे सारखं बिघडणं परवडत नाही, आपण नवा प्रिंटर मागवलाय, कंपनीचाच माणूस येऊन बघत जाईल. ताजबीनं "बरं झालं," म्हटलं. दुपारी डबा उघडला आणि तसाच बंद केला.

नवा प्रिंटर यायच्या आठवड्यातच जुन्यानं मान टाकली. अल्ताफ आला. त्याला नव्या मशीनचं गेटवरच कळलेलं होतं. त्या दिवशी त्यानं डोळे मिटून ऐकलंसुद्धा नाही. हेड काढलं, पुसलं, बसवलं, आणि चाचणी घ्यायला मशीन सुरू केलं. किर्रर्र खर्र. दाराशी भाऊसो एका चलनासाठी उभे, अकाउंट्सचे दोघं भिंतीला टेकलेले. अल्ताफ ताजबीकडं वाकला.

"एक सांगू काय?" तो ओरडला.

"काय?"

"मला भाई म्हणायचं बंद करा!"

"काय?"

"भाई! भाई म्हणू नका मला!"

"मग काय म्हणू?" ताजबी ओरडली.

अल्ताफनं छाती भरून श्वास घेतला, आणि नेमका तेव्हाच प्रिंटरमधला कागद संपला. मशीन गपकन थांबलं. पण छातीत घेतलेला श्वास काही थांबेना. "लगीन करशील काय माझ्यासंगं?" हे वाक्य त्या शांत खोलीतून निघालं, उघड्या दारातून बाहेर पडलं, आणि अण्णांच्या केबिनपर्यंत खणखणीत ऐकू गेलं.

टायपरायटर थांबले. पंखेसुद्धा थांबल्यासारखे वाटले. ताजबी स्टुलावर तशीच. अल्ताफ कानाच्या पाळीपर्यंत लाल. भाऊसोच आधी बोलले.

"आरं बाबा, लगीन कर की! पण आधी माझं चलन काढ. गाडी उभी हाय दारात!"

ऑफिस असं हसलं की बाहेरचा ड्रायव्हर आत डोकावला. ताजबीनं नवा कागद लावला, चलन काढलं, भाऊसोंच्या हातात दिलं. वळून बघते तर अल्ताफ पिशवी उचलून निघूनही गेला होता. पाचच मिनिटांत भाऊसोंची बोंब ऐकू आली. त्या घाईत अल्ताफ त्यांच्या चपला घालून गेला होता.

उचगावची अर्धी माणसं शिरोलीत कामाला. संध्याकाळी ताजबी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. अल्लाउद्दीन दुकानाच्या फळीवर बसले होते, हातोडा बाजूला ठेवून. तिला बघून ते उठले. आत जाऊन तिच्या आईला म्हणाले, "कारखान्याच्या मधोमध वरडून लेक मागतोय. आता लोकं काय म्हणतील?" ताजबी अंगणात हातपाय धूत होती. तिला सगळं ऐकू येत होतं. तिला रडूही येत होतं आणि मघाचं आठवून हसूही येत होतं.

इकडं भाऊसो दुसऱ्या दिवशी चपला आणायला म्हणून शाहूपुरीत गेले. दुकानात अल्ताफ मान खाली घालून बसलेला. भाऊसोंनी चपला पायात सरकवल्या आणि समोर स्टूल ओढून बसले.

"नुसतं वरडायचंच हाय, का पुढं बी काय करायचंय?"

"अम्मीला सांगितलंय," अल्ताफ म्हणाला. "पण आता मुल्लाचाचांच्या दारात कुठल्या तोंडानं जाऊ?"

"तू नको जाऊस. मी हाय की."

रविवारी भाऊसो बायकोला, पारूबाईला, घेऊन उचगावात गेले. पारूबाई ठेंगणीठुसकी, बोलायला नवऱ्याच्या वरचढ. ती सरळ चुलीपाशी ताजबीच्या आईजवळ जाऊन बसली. भाऊसो बाहेर ट्रंकांच्या पसाऱ्यात, एका उलट्या डब्यावर.

"पावणं, राग मानू नका," भाऊसोंनी सुरुवात केली. "ते मशीन चालू असलं की आम्ही समदीच वरडतो. मी तर मालकावर बी वरडतो. पोरगं तिच्या कानातच इचारणार हुतं. कागद संपला, त्याला त्यो काय करणार?"

"आणि कागद संपला नसता तर?" अल्लाउद्दीननी विचारलं.

"तर तुमाला आज कळलं नसतं, सा महिन्यांनी कळलं असतं. आता कळलंय ते बरंच की!"

अल्लाउद्दीन पत्र्यावरून बोट फिरवत राहिले. "पोरगं वाईट न्हाय म्हणत्यात. पण माझी ताज काय म्हणत्या, ते तुम्ही कुणी इचारलंय काय?"

खरंच कुणी विचारलं नव्हतं. अल्ताफनं विचारलं होतं, पण उत्तर ऐकायला तो थांबलाच नव्हता. दाराआड उभी असलेली ताजबी पुढं झाली. तिनं ओढणी सारखी केली आणि बापाकडं न बघता, भाऊसोंकडं बघून म्हणाली, "मशीन बिघडलं म्हणून फोन जायचा ना, त्यातल्या एकदोन वेळा... नुसती रिबन सैल झालेली असायची."

भाऊसोंना समजायला जरा वेळ लागला. मग त्यांचे डोळे मोठे झाले. "म्हंजे माझ्या गाड्या उगाच उभ्या हुत्या व्हय गं?"

आतून पारूबाईचं हसू फुटलं, तिच्यामागून ताजबीच्या आईचं. अल्लाउद्दीन हसले नाहीत. पण त्यांनी हातोडा उचलला, एक कोरा पत्रा पुढं ओढला आणि म्हणाले, "चहा टाका पावण्यांना."

लग्न झालं. ताजबी उचगाव सोडून शहरात राहायला गेली, पण नोकरी तिनं सोडली नाही. नवा प्रिंटर आला, त्यानंतर आणखी एक. सना जन्मली. वर्ष-दीड वर्षाची असताना कधी घरी सांभाळायला कुणी नसलं की ताजबी तिला मशीन रूममध्ये आणायची, आणि त्या किर्रर्र खर्रमध्ये ती एका कोपऱ्यात गाढ झोपायची. घरी शांततेत मात्र तिला झोप लागायची नाही. भाऊसो आपल्या थोरल्याच्या लग्नाची पत्रिका पहिल्यांदा घेऊन आले ते त्याच खोलीत. अकाउंट्समधल्या एकाची आई वारली तेव्हा तो रजा टाकायला म्हणून आला आणि तिथंच भिंतीला टेकून रडला. मशीन चालू असल्यानं बाहेर कुणाला कळलं नाही. आतल्यांनी फक्त त्याच्या पाठीवर हात ठेवला. ताजबीनं त्या दिवशी मुद्दाम एक लांबलचक रिपोर्ट छापायला लावला.

दोन हजार तीनच्या सुमारास अण्णांनी कारभार मुलाकडं दिला आणि मुलानं ऑफिस सांभाळायला श्रुती मगदूमला आणलं. श्रुती हातकणंगल्याची. पुण्यात शिकून आली होती, पण 'मी जातो, मी करतो' हे आपल्याकडच्या बायकांचं बोलणं तिनं सोडलं नव्हतं. एवढ्यावरूनच ताजबीला ती आवडली. श्रुतीनं पहिले काही दिवस नुसतं बघितलं, कोण कुठं जातं, कुणाचं काम कुठं अडतं. मग मीटिंग घेतली.

"लोकांचा निम्मा दिवस प्रिंटरसमोर उभं राहण्यात जातोय," ती म्हणाली. "ज्याचा कागद त्याच्या टेबलावर निघाला पाहिजे."

महिन्याभरात प्रत्येक टेबलावर एकेक छोटा लेझर प्रिंटर आला. पावाच्या लादीएवढा. बटण दाबलं की हलकंसं घूं व्हायचं आणि गरमागरम कागद बाहेर. छपाई अशी ठसठशीत, की पूर्वीची ठिपक्याठिपक्यांची अक्षरं आता कुणाला वाचवेनात. मशीन रूमचा एसी मीटिंग रूमला गेला. चपला काढायचं कारणच उरलं नाही. ताजबीलाही आत, हॉलमध्ये टेबल मिळालं. भाऊसोंचं टेबल तिच्या मागंच, मध्ये दोन लोखंडी कपाटं.

श्रुतीचं काही चुकलं नव्हतं. चलनं झटपट व्हायला लागली, गाड्या वेळेवर सुटायला लागल्या, भाऊसोंना नाचायचं काम उरलं नाही. ताजबी उजेड असताना घरी पोचायची, सनाचा अभ्यास घ्यायची. डोक्यात रात्रभर घुमत राहणारी ती करवत थांबली. ती स्वतःच सगळ्यांना सांगायची, "सुखाचं काम झालंय."

फटका बसला तो अल्ताफला. डॉट मॅट्रिक्सची दुरुस्ती कमी झाली, आणि लेझर प्रिंटर त्याच्या कानाला काही सांगेना. "मुकं जनावर हाय," तो चिडून म्हणायचा. "कुठं दुखतंय ते बोलत बी न्हाय." काही महिने तो दुकानात नुसता बसून राहिला. शेवटी ताजबीनंच त्याला रेटून पुण्याला शिकायला पाठवलं. परत आला आणि पहिल्याच दिवशी टोनरची बाटली सांडून आपादमस्तक काळा होऊन घरी आला. सनानं बापाला ओळखलं नाही, दार लावून घेतलं. पण हळूहळू हात बसला. आता तो डोळे मिटायचा नाही, बॅटरी घेऊन आत बघायचा.

ऑफिसात मात्र काहीतरी निराळं झालं होतं. ताजबीला ते नेमकं सांगता आलं नसतं. एकच कागद लोक तीनतीनदा काढून बघायचे, मेलसुद्धा छापून वाचायचे. काम मुकाट चाललेलं असायचं. सकाळी येताना मान हलवायची, जाताना मान हलवायची. मधल्या दिवसात कुणाला कुणाकडं उठून जायचं कारणच नव्हतं. भाऊसोही गप्प झाले होते. दुपारी जेवणाच्या सुट्टीत ते उठून जायचे आणि उशिरा यायचे. ताजबीला वाटायचं, म्हातारपण आलं, रिटायरमेंट जवळ आली, माणसाचं लक्ष उडतं. एकदा श्रुतीनं त्यांना केबिनमध्ये बोलावलं. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. ताजबीनं ठरवलं, संध्याकाळी विचारू. संध्याकाळी तिची गाडी चुकत होती. दुसऱ्या दिवशी विचारू म्हटलं. राहून गेलं.

मग एके दुपारी, सुट्टी व्हायच्या जरा आधी, कपाटांमागून भाऊसोंचा आवाज आला. "ताजबी, हे बघ की जरा. कागद गिळून बसलंय."

ती उठून गेली. प्रिंटरच्या पोटात कागद चुरगळून अडकला होता. तिनं झाकण उघडलं, रोलर सैल केला, अलगद कागद ओढायला लागली. फाटू नये म्हणून हळूहळूच ओढायला लागतो. भाऊसो शेजारी उभे, एका पायावरून दुसऱ्या पायावर. सारखे घड्याळाकडं बघत होते.

"एवढी कसली घाई हो?" ताजबीनं सहज विचारलं.

"पारूला जेवू घालायचंय."

तिचा हात थांबला. "म्हंजे?"

"लकवा मारलाय तिला. उजवी बाजू गेलीया. बोलणं बी न्हाय." भाऊसो भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बोलत होते. "सून सकाळी कामाला जात्या. दुपारी मी जाऊन भरवतो. घास गिळायला तिला येळ लागतोय. घाई करून चालत न्हाय. म्हणून उशीर होतोय."

"कधीपासनं?"

"दिवाळीच्या आधीपासनं."

होळी तोंडावर आली होती. ताजबी अर्धा निघालेला कागद धरून तशीच उभी राहिली. चुलीपाशी बसून हसणारी पारूबाई तिला दिसली, लग्नात हळदीच्या वेळी बायकांना दटावून रांगेत बसवणारी पारूबाई.

"दिवाळीपासनं, आणि मला आत्ता सांगताय, भाऊसो?"

"कवा सांगू? तू तुझ्या टेबलाला, मी माझ्या. उठून मुद्दाम येऊन सांगायचं, की माझी बायको आजारी हाय? तसं जमत न्हाय गं." त्यांनी पुन्हा घड्याळाकडं बघितलं. "पूर्वी आपण कागदासाठी उभं असायचो, त्यात निघायचं बोलणं."

कागद निघाला. तिनं झाकण लावलं. "जावा तुम्ही," ती म्हणाली, "चलन मी देतो गेटवर." तिनं ते चलन छापलं, गेटवर नेऊन दिलं, आणि तशीच श्रुतीच्या केबिनमध्ये गेली.

श्रुतीनं सगळं ऐकून घेतलं. तिचा चेहरा पडला. "मी त्यांना उशिरा येण्याबद्दल बोललो," ती म्हणाली. "ते एक शब्द बोलले नाहीत. मला कुणीच कसं सांगितलं नाही?"

"मला बी कुणी सांगितलं न्हवतं, मॅडम. आणि मी त्यांच्याच म्होरं बसतो. मधी नुसती दोन कपाटं."

त्या संध्याकाळी ताजबी आणि अल्ताफ शिरोलीत गेले. पारूबाई खाटेवर उशांना टेकून बसवलेली. तिनं ताजबीला ओळखलं. डावा हात उचलून तिचं मनगट धरलं आणि सोडलंच नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तोंडाची एकच बाजू हलत होती. ताजबीनं तिचे केस विंचरून दिले, वेणी घातली. अल्ताफ आणि भाऊसो बाहेरच्या कट्ट्यावर बराच वेळ बसले होते. काय बोलले ते दोघांनी कधी सांगितलं नाही.

दुसऱ्याच दिवशी श्रुतीनं भाऊसोंची वेळ बदलून दिली. सकाळी लवकर यायचं, दुपारी घरी जायचं ते जायचंच. त्यांचं उरलेलं काम हॉलमधल्या सगळ्यांनी वाटून घेतलं. कुणाला सांगायला लागलं नाही. ताजबीनं प्रत्येकाच्या टेबलापाशी उभं राहून फक्त पारूबाईबद्दल सांगितलं होतं. कुणी मालिशवाल्या बाईचा पत्ता दिला, कुणी आपल्या म्हशीचं दूध पाठवायला लागलं.

श्रुतीला एक सवय होती. गोष्ट एकदा डोक्यात शिरली की ती हिशेबात बसवल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. महिन्याभरानं तिनं ताजबीला बोलावलं.

"हे छोटे प्रिंटर टोनर फार खातात," ती म्हणाली. "आणि कागद नुसता उधळतोय. मी पॅसेजमध्ये एकच मोठं मशीन घ्यायचं म्हणतो. सगळ्यांनी तिथं येऊन आपापला कागद न्यायचा. खर्च निम्म्यावर येईल."

"पण उभं राहण्यात वेळ जातो म्हणत होता तुम्ही," ताजबी म्हणाली.

"जाऊ दे की थोडा," श्रुती म्हणाली आणि समोरचा कागद उगाच सरळ केला. "तुमच्या मिस्टरांना विचारा, ते बघतील काय मशीनचं."

मोठं मशीन पॅसेजमध्ये आलं. कपाटाएवढं. लोकांनी पहिले आठवडे शिव्या घातल्या. टेबलावरचं सुख गेलं, आता उठून यायला लागतं, एकाचा रिपोर्ट निघतोय तोवर दुसऱ्यानं ताटकळायचं. स्टोअरवाले अकाउंट्सवाल्यांवर खेकसले, अकाउंट्सवाले स्टोअरवाल्यांवर. महिना अखेरीला तर तिथं चांगलीच गर्दी व्हायची. अल्ताफ हप्त्यातून एकदा येऊन मशीन बघून जायचा, आणि त्या गर्दीत त्याला बायकोशी दोन शब्द बोलायलासुद्धा जागा मिळायची नाही.

पावसाळा सरत आला होता. एका सकाळी पॅसेजमध्ये सहासात जण कागदाची वाट बघत उभे होते. श्रुतीही होती. तिचा कागद मघाच निघाला होता, तो हातात धरून ती तशीच थांबली होती. भाऊसो आत आले ते लांबूनच बोलत.

"काल पारू माझ्यावर वरडली!"

सगळे वळले. गेले कित्येक महिने पारूबाईच्या तोंडून शब्द फुटला नव्हता.

"काय म्हणाल्या हो?" ताजबीनं विचारलं.

भाऊसोंना डोळे पुसायचे होते, पण हातात चलनांचा गठ्ठा होता. "मी आमटी भरवत हुतो. तिनं एक घास घेतला, तोंड वाकडं केलं, आणि म्हणाली, 'मीठ... न्हाय.' दोन शब्द. पण असली डाफरली, की शेजारची शालूबाई बघायला आली!"

"मग?" श्रुतीनं विचारलं.

"मग काय," भाऊसो म्हणाले, "मीठ घातलं की!"